मॉनिटर सगळ्यात शेवटी हलवा: टेबल, खुर्ची आणि पडद्याची मापं

प्रश्न थोडक्यात असा. ऐरोलीतल्या ऑफिसात अकाउंट्सचं काम. उंची ५ फूट १ इंच, वय ४४, गेल्या वर्षी प्रोग्रेसिव्ह चष्मा (लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत) लागला. समोर २४ इंची मॉनिटर, शेजारी लॅपटॉप. सहा महिन्यांपासून मानेच्या मुळाशी ठणका, आणि उजवा खांदा संध्याकाळपर्यंत दगडासारखा होतो. कुणी सांगितलं म्हणून मॉनिटरखाली कागदाच्या दोन रीम ठेवल्या. कंपनीने जाळीच्या पाठीची नवी खुर्चीही दिली, तरी उतार नाही. आठवड्यातले दोन दिवस ठाण्याच्या घरी डायनिंग टेबलावर काम. नेमकं काय चुकतंय?

आधी त्या दोन रीम काढा. टाकू नका, लागणार आहेत.

बहुतेक लोक दुखायला लागलं की पहिला हात मॉनिटरला लावतात. पण मॉनिटर कुठे असावा हे डोळे कुठे आहेत यावर ठरतं. डोळे कुठे असतील हे खुर्चीवर, आणि खुर्ची किती उंच हे टेबलावर. टेबल हलत नाही, म्हणून मोजणी तिथून सुरू करायची. क्रम उलटा झाला की प्रत्येक दुरुस्ती नवी चूक घेऊन येते. तुमच्या बाबतीत तेच झालंय, आणि आकडे मांडले की ते लगेच दिसतं.

ऑफिसचं टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं. तुमच्या उंचीच्या बाईने पाय जमिनीवर सपाट टेकतील इतकी खुर्ची खाली घेतली, तर चप्पल धरून बैठक ४१ सेंटिमीटरच्या आसपास येते. बैठकीपासून कोपर साधारण २१ सेंटिमीटरवर असतं. म्हणजे कोपर जमिनीपासून ६२ वर आणि टेबल ७५ वर. हा १३ सेंटिमीटरचा फरक कुठून तरी भरून काढावाच लागतो. एकतर खांदे कानांकडे उचलले जातात, नाहीतर कोपरं बाजूला फाकतात. मानेपासून खांद्याकडे उतरणारा ट्रॅपेझियस स्नायू मग दिवसभर सैलच पडत नाही. जो स्नायू सैल पडत नाही त्याला रक्त पुरेसं मिळत नाही, आणि त्याला रग लागते. तुमचा ‘दगडासारखा खांदा’ तो हाच.

आता डोळे. बैठकीपासून डोळे सुमारे ७० सेंटिमीटरवर, म्हणजे टेबलाच्या पृष्ठभागापासून ३६ वर. २४ इंची मॉनिटरचा पडदा ३० सेंटिमीटर उंच असतो आणि न हलणाऱ्या साध्या स्टँडवर त्याची वरची कड टेबलापासून ४२ च्या आसपास येते. खाली दोन रीम, प्रत्येकी ५ सेंटिमीटरची. झाले ५२. पडद्याची वरची कड तुमच्या डोळ्यांपेक्षा १६ सेंटिमीटर वर! त्यात प्रोग्रेसिव्ह चष्मा, म्हणजे पडदा स्पष्ट दिसावा म्हणून हनुवटी आणखी वर. मानेच्या मुळाशी ठणका उठतो तो यामुळे.

वरचे आकडे तुमच्या उंचीसाठीचे सरासरी आकडे आहेत. स्वतःची मापं घ्यायला शिंप्याकडचा १५० सेंटिमीटरचा कापडी टेप पुरतो. खुर्चीत पूर्ण मागे टेकून बसा, खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात दुमडा आणि सहकाऱ्याला दोनच मापं घ्यायला सांगा: बैठकीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंत, आणि बैठकीपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत. बैठक स्पंजची असेल तर तुम्ही बसल्यावर ती जितकी दबते तिथून मोजायचं. माप घेताना ताठ होऊन बसू नका. नेहमी जसे बसता तसंच बसा, नाहीतर आकडे दोन-तीन सेंटिमीटरने फुगतात.

मग खुर्ची वर घ्या. गॅस-लिफ्टच्या खुर्च्या साधारण ४२ ते ५२ पर्यंत जातात, काही ४८-५० वरच थांबतात. तुम्ही ५२ वर घेतलीत तर कोपर येतं ७३ वर, टेबलापेक्षा जेमतेम दोन सेंटिमीटर खाली. इतकं चालतं. हात अलगद टेबलावर टेकतात आणि खांदे खाली राहतात. कोपर टेबलाच्या बरोबरीला किंवा एखादा सेंटिमीटर वर आलं तर उत्तमच. खुर्ची ४८ च्या वर जात नसेल तर टेबलाखाली सरकता कीबोर्ड-ट्रे लावून घ्या. मात्र मांडीच्या वर किमान चार बोटं जागा उरते का ते आधी पाहा. टेबलाखाली ड्रॉवर किंवा वायरींचा ट्रे असेल तर मांड्या तिथेच अडतात.

खुर्ची वर गेली की पाय लोंबकळतात. बैठकीची पुढची कड मांडीखाली रुतते, पायाला मुंग्या येतात, आणि माणूस नकळत पुढे सरकून कडेवर बसतो. मग पाठीला आधार राहत नाही. ‘खुर्ची वर घेऊन पाहिली, त्रास वाढला’ असं सांगणाऱ्यांचं बहुतेकदा इथेच अडलेलं असतं. तुमच्या बाबतीत अंतर पडतं ११ सेंटिमीटर. त्या काढलेल्या दोन रीम इथे वापरा. कागद वेष्टनातच राहू द्या, दोन्ही शेजारी शेजारी न ठेवता एकावर एक ठेवा आणि रुंद चिकटपट्टीने घट्ट बांधा. मॉनिटरखाली चुकीच्या होत्या त्याच रीम पायाखाली बरोबर बसतात. पण हा तात्पुरता उपाय आहे. रीम अरुंद असते, पाय सतत एकाच जागी राहतात, आणि पाय हलते राहणं पोटऱ्यांसाठी गरजेचं असतं. निदान ४० सेंटिमीटर रुंद, उतार बदलता येणारा फूटरेस्ट ऑफिसकडून मागून घ्या.

आता तुमच्या नव्या खुर्चीबद्दल. खुर्ची चांगली असूनही उपयोग होत नाही, कारण तिचे खटके कुणी लावून देत नाही. बैठक पुढून मागे किती खोल आहे ते पाहा: मागे टेकून बसल्यावर पुढची कड आणि गुडघ्यामागची लवण यांत दोन-तीन बोटं जागा हवी. या खुर्च्या बऱ्याचदा उंच माणसाच्या मांडीच्या हिशेबाने बनतात, त्यामुळे तुमच्या उंचीला बैठक खोल पडते. बैठक मागे-पुढे सरकवायची सोय असेल तर वापरा. नसेल तर पाठीमागे ५-६ सेंटिमीटर जाडीची टणक उशी घ्या. खुर्चीच्या पाठीवरचा, कमरेला आधार देणारा फुगवटा कमरपट्ट्याच्या जरा वर यायला हवा. तो बरगड्यांवर आला तर पाठीला पुढे ढकलतो आणि माणूस पोक काढून बसतो. जाळीच्या बऱ्याच खुर्च्यांमध्ये अख्खी पाठच एकेका खटक्याने वर सरकते, आणि शेवटच्या खटक्यानंतर पुन्हा तळाला येते. त्या तळापासून एक-दोन खटके वर, एवढंच तुम्हाला पुरावं. पाठ ९० अंशांत ताठ कुलूपबंद ठेवू नका. १०० ते ११० अंशांवर कललेली पाठ वरच्या धडाचं बरंचसं वजन स्वतःवर घेते. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला होता. पुढे वाकून बसल्यावर तो दाब उभं राहण्यापेक्षा जास्त भरला. बैठकीखाली जो मोठा गोल नॉब असतो तो झुकण्याचा ताण कमी-जास्त करतो. तुम्ही मागे रेललात की पाठ तुमच्या वजनाने हळू मागे जावी आणि पुढे येताना सोबत यावी, इतका तो सैल करा.

हातांचे दांडे टेबलाच्या कडेला आपटत असतील तर ते खाली करा. खाली होत नसतील तर काढून टाका. बैठकीखालचे दोन-तीन बोल्ट ॲलन कीने (षटकोनी किल्लीने) निघतात. दांडे अडले की खुर्ची टेबलात शिरत नाही, आणि मग तुम्ही कीबोर्डकडे झुकता. बाकी सगळं बरोबर लावूनही दुखणं न थांबण्यामागे हे एक कारण हमखास निघतं.

एवढं झालं की मग मॉनिटर. बैठक ५२, डोळे त्यावर ७०, म्हणजे जमिनीपासून १२२, टेबलापासून ४७. स्टँडवरची कड ४२ वर. डोळ्यांपेक्षा ५ सेंटिमीटर खाली, आणि तुमच्या चष्म्यासाठी हेच हवं. ज्यांना चष्मा नाही किंवा एकाच नंबरचा आहे, त्यांनी वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली ठेवावी. नजर नैसर्गिकरीत्या जरा खालीच पडते, पडद्याचा मध्य समोरच्या आडव्या रेषेपासून १५ ते २० अंश खाली आला की मान स्थिर राहते. चाळिशी लागलेल्यांचं गणित वेगळं आहे. प्रोग्रेसिव्ह काचेत वरचा भाग लांबचा, तळाचा वाचायचा, आणि मॉनिटरच्या अंतराचा पट्टा मधला नि अरुंद. पडदा वर असला की त्या पट्ट्यातून पाहायला हनुवटी उचलावीच लागते. म्हणून पडदा खाली, आणि वरची बाजू १० ते २० अंश मागे कललेली. तरीही हनुवटी उचलली जात असेल तर ऑफिसच्या कामासाठी वेगळा चष्मा करून घ्या. चष्मेवाल्याला ‘कॉम्प्युटरसाठी’ एवढंच सांगून भागत नाही. डोळ्यापासून पडदा किती सेंटिमीटरवर आणि कागद किती, हे दोन आकडे लिहून न्या.

अंतर हातभर. मागे टेकून हात समोर केला की बोटांची टोकं पडद्याला लागावीत, २४ इंचीसाठी ५५ ते ६५ सेंटिमीटर. २७ किंवा ३२ इंची असेल तर ७०-८० पर्यंत मागे सारा. त्या अंतरावरून एक्सेलचे आकडे बारीक वाटत असतील तर मॉनिटर ओढू नका, अक्षरं मोठी करा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘स्केल’ १२५ टक्के, लॅपटॉपवर १५०. बारीक अक्षरं मान पुढे खेचतात. डोकं चार-पाच किलोचं असतं, ते खांद्यांच्या रेषेपुढे गेलं की मानेमागच्या स्नायूंवर पडणारा भार कित्येक पटींनी वाढतो.

शेजारच्या लॅपटॉपकडे दिवसातून दहाच वेळा पाहत असाल तर तो बंद करून सगळं मॉनिटरवर घ्या. दोन्ही पडदे सारखेच लागत असतील तर दोघांची कड मधोमध नाकासमोर आणा, पुस्तकासारखे आत वळवा आणि लॅपटॉपला स्टँड द्या. एकच मुख्य असेल तर तो नाकासमोर, दुसरा ३० अंशांत बाजूला. मुख्य पडदा सहा महिने एकाच अंगाला राहिला तर मान त्याच अंगाला आखडते.

उजव्या खांद्यात टेबलाच्या उंचीएवढाच माउसचाही वाटा आहे. पूर्ण कीबोर्ड जवळपास ४४ सेंटिमीटर रुंद असतो. अक्षरांचा मध्य, म्हणजे जी आणि एच यांच्यातली फट, बेंबीसमोर ठेवली की नंबरपॅडपलीकडचा माउस मध्यापासून ३० सेंटिमीटरहून दूर जातो. तिथे पोचायला हात बाहेर आणि पुढे, दिवसभर. नंबरपॅड लागत नसेल त्यांनी छोटा कीबोर्ड घ्यावा, विषय संपला. अकाउंट्सवाल्यांना मात्र तो सोडता येत नाही. तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. पहिला: छोटा कीबोर्ड आणि डाव्या हाताला सुटा नंबरपॅड. दुसरा: माउस डाव्या हाताला. दुसरा माझ्या मते अधिक चांगला, कारण त्याला पैसे लागत नाहीत आणि उजव्या खांद्याला खरीखुरी सुट्टी मिळते. पहिला आठवडा वैताग येतो, पंधरा दिवसांत हात बसतो. माउस दोन्ही हातांना चालेल असा सममित आकाराचा घ्या, पॉइंटरचा वेग वाढवा, म्हणजे मनगट कमी फिरतं.

कीबोर्ड टेबलाच्या कडेपासून चार बोटं ते वीतभर आत असू द्या, म्हणजे मनगटापुढचा नव्हे, कोपरापुढचा हात टेबलावर टेकतो. कीबोर्डच्या मागचे दोन छोटे पाय दुमडून टाका. ते उभे केले की मनगट वर मोडतं, आणि मनगटातल्या नसेवर दाब येतो.

बिलं आणि व्हाउचर कुठे ठेवता? टेबलावर सपाट, कीबोर्डच्या डावीकडे, असं असेल तर मान दिवसातून शेकडो वेळा खाली-डावीकडे आणि परत वर फिरते. कागद कीबोर्ड आणि मॉनिटरच्या मधोमध उतारावर हवा. त्यासाठी वेगळा स्टँड लागत नाही: लिव्हरवाली बॉक्स फाइल आडवी ठेवा, जाड कणा मॉनिटरकडे, आपोआप उतार तयार होतो. जुन्या पेढ्यांवरच्या दिवाणजींचं उतरतं डेस्क हेच काम करायचं. वही डोळ्यांकडे चढवली की मान कमी वाकते.

ऐरोलीत खाडीच्या बाजूच्या काचेच्या इमारतींना दुपारनंतर पश्चिमेचं ऊन थेट येतं. खिडकी पाठीशी असेल तर तिचं प्रतिबिंब पडद्यावर, समोर असेल तर डोळे मिचकावून पाहावं लागतं. दोन्ही वेळा अंग वाकडं करून माणूस सावली शोधतो. खिडकी बाजूला, पडद्याशी काटकोनात हवी. मॉनिटर बंद करून त्यात काय दिसतं ते पाहा. जे दिवे आणि जी खिडकी दिसेल, ती चमक तुम्ही दिवसभर सोसता. एसीचा झोत चेहऱ्यावर येत असेल तर जाळी वळवून घ्या. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात, त्यात कोरडी हवा, मग डोळे चुरचुरतात. दर २० मिनिटांनी २० सेकंद ६ मीटर लांब पाहणं पुरतं.

उत्तम बैठकसुद्धा तासभर न हलता वाईटच ठरते. अर्ध्या तासाने उठा, दोन मिनिटं चाला. पाण्याची मोठी बाटली जवळ न ठेवता छोटी ठेवा, म्हणजे उठावं लागतं. आणि प्रवास मोजायला विसरू नका. घोडबंदर रोडच्या कोंडीत बसमध्ये तासभर मान वाकवून मोबाइल पाहिला तर ऑफिसला पोचेपर्यंतच मान थकते. मोबाइल छातीच्या उंचीवर आणा, कोपर मांडीवरच्या बॅगेवर टेकवा. लॅपटॉप, डबा आणि पाण्याची बाटली मिळून तीन-चार किलो एकाच उजव्या खांद्यावर लटकत असतील तर आज बॅग बदला, दोन्ही पट्ट्यांची घ्या.

घरचं डायनिंग टेबलही ७५, पण खुर्ची साधारण ४५. फरक ३०, तुम्हाला हवा कोपराइतका किंवा जेमतेम दोनने जास्त, म्हणजे २१ ते २३. म्हणजे सात-आठ सेंटिमीटर उंची वाढवायची. मऊ स्पंजची उशी बसताच निम्मी दबते, म्हणून सतरंजी किंवा चादर घट्ट घडी करून ठेवा आणि दबल्यानंतर मोजा. घरी पाय अनवाणी, त्यामुळे पायाखाली १३-१४ सेंटिमीटर लागतात. एका पाटाने भागत नाही, पाटाखाली आणखी एक पाट किंवा जाड पुस्तकं ठेवा, डगमगणार नाहीत अशी. चौरंग बहुधा जास्त उंच पडतो, गुडघे वर येतात. लॅपटॉपवर थेट टाइप करणं बंद. पडदा आणि कीबोर्ड जोडलेले असल्याने एक बरोबर केला की दुसरा चुकतो. वेगळा कीबोर्ड-माउस घ्या, लॅपटॉप १५ ते २० सेंटिमीटर उचला. पलंगावर मांडी घालून काम करणं अर्ध्या तासापुरतंही नको.

हे सगळं एका दिवशी करा, पण निकाल एका दिवसात मागू नका. पहिले चार-पाच दिवस पाठीचे वेगळेच स्नायू दुखतील, कारण ते आत्तापर्यंत बसून होते. खांद्याचा फरक दोन-तीन आठवड्यांत जाणवायला हवा. तोवर दिवसातून तीनदा हनुवटी सरळ मागे ओढणं, पाच सेकंद धरून दहा वेळा, आणि दोन्ही खवाटे एकमेकांकडे आवळणं, तेवढंच. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात मुंग्या येऊन जाग येत असेल, करंगळी बधिर होत असेल, हातातून वस्तू निसटत असतील किंवा खांद्यातून कळ हातात उतरत असेल, तर खुर्चीशी झटापट करत बसू नका, अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. पायांत अशक्तपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

ऑफिसच्या ॲडमिनला ‘मान दुखते’ असं लिहिलं तर मेल पडून राहतो. नेमकं मागा: ४० सेंटिमीटर रुंद फूटरेस्ट, सममित माउस, आणि स्टँडची उंची जुळत नसेल तर टेबलाला क्लॅम्पने बसणारा मॉनिटर-आर्म. मॉनिटरच्या पाठीवर चार स्क्रूची भोकं ७५ किंवा १०० मिलिमीटरच्या चौकोनात आहेत का ते आधी मोजून मेलमध्ये टाका. काचेच्या टेबलाला क्लॅम्प लावू देऊ नका. खुर्चीच्या नळीवर चिकटपट्टीची खूण करा. संध्याकाळी बैठक सकाळपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर खाली आली असेल तर नळीतल्या गॅस सिलिंडरचं सील गेलंय. ते दुरुस्त होत नाही, सिलिंडर बदलावा लागतो.

जागा रोज बदलत असेल तर मोबाइलमध्ये तीन आकडे लिहून ठेवा: बैठक ५२, पडद्याची वरची कड टेबलापासून ४२, डोळ्यापासून पडदा ६०. याच क्रमाने लावलं की दोन मिनिटं लागतात. आणि फूटरेस्ट मिळेपर्यंत पायाखालच्या रीम सोबत न्या.